कौल हरले, निवडणूक जिंकले: भाऊसाहेब बांदोडकर आणि 1967 चे ते दहा आठवडे

16 जानेवारी 1967 ला जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात जायला नकार दिला. 28 मार्च 1967 ला त्याच गोव्याने, महाराष्ट्रात जायचं हे नावातच लिहून आलेल्या पक्षाला परत सत्तेवर बसवलं. मधे जेमतेम दहा आठवडे. एवढ्यात कोणाचं मन काय बदलणार? त्यामुळे या प्रकरणाबद्दल मुंबई-पुण्याकडे दोनच ठरलेली मतं ऐकू येतात, एक म्हणजे गोवेकरांनी मराठीला दगा दिला आणि दुसरं म्हणजे गोवेकरांना नक्की काय हवं तेच कळत नव्हतं. मला दोन्ही आळशी वाटतात. लोकांना काय हवं ते चांगलं कळत होतं, फक्त आधी त्यांना एकाच मतात दोन उत्तरं द्यावी लागत होती आणि कौलामुळे ते दोन प्रश्न सुटे झाले. आणि याचा सगळ्यात जास्त फायदा झाला तो कौल हरलेल्या माणसाला, म्हणजे दयानंद बांदोडकरांना. ते कसं, ते नीट बघू.

आधी माणूस. दयानंद बाळकृष्ण बांदोडकर, जन्म 12 मार्च 1911, पेडणे. गोव्यात अजूनही नुसतं भाऊसाहेब म्हटलं की पुरतं. गोमंतक मराठा समाजातला माणूस, म्हणजे देवळाच्या आणि भाटकाराच्या (जमीनदाराच्या) व्यवस्थेत ज्यांना कायम खालच्या पायरीवर उभं केलं गेलं त्या समाजातला, आणि त्याने स्वतःच्या जोरावर खाणधंद्यात पैसा केला. पोर्तुगीज काळाच्या शेवटच्या वर्षांत लोहखनिज बाहेर जायला लागलं, जपानसारखा गिऱ्हाईक मिळाला, त्यात जे थोडे हिंदू खाणमालक वर आले त्यातले हे एक. पैसा आला तसा वाटलाही. शाळा, देवळं, गरीब मुलांचं शिक्षण, यांना मदत करणारा शेठ म्हणून नाव आधी झालं, राजकारण नंतर आलं. ही क्रमवारी महत्त्वाची आहे कारण भाऊसाहेबांच्या मतदाराने त्यांना पुढारी म्हणून ओळखायच्या आधी, अडीअडचणीला ज्याच्या दारात जाता येतं असा माणूस म्हणून ओळखलं होतं.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. साडेचारशे वर्षांची राजवट गेली आणि लगेच प्रश्न उभा राहिला, आता याचं करायचं काय? एका मोठ्या जिल्ह्याएवढासुद्धा नसलेला प्रदेश, त्याचं वेगळं राज्य करायचं, केंद्रशासित ठेवायचं, का शेजारच्या महाराष्ट्रात घालायचं? नेहरूंचं म्हणणं असं की गोव्याचं वेगळेपण जपलं जाईल, घाईने काही करायचं नाही. महाराष्ट्रात तर 1960 चा गुलाल अजून अंगावर होता, मुंबई मिळाली आता बेळगाव आणि गोवा, असा सरळ हिशोब. आणि गोव्यातल्या बहुजन समाजाचा हिशोब वेगळाच होता, तिकडे कोणी फार बघत नव्हतं. त्यांच्यासाठी महाराष्ट्र म्हणजे कूळ कायदा, महाराष्ट्र म्हणजे गावागावात मराठी शाळा, महाराष्ट्र म्हणजे जिथे बहुजनांच्या हातात सत्ता आलेली दिसते असं राज्य. गोवा वेगळा राहिला तर वर बसणार ते पूर्वीचेच, बामण आणि भाटकार, मग ते हिंदू असोत की ख्रिश्चन, ही भीती खरी होती. विलीनीकरण हा त्या भीतीवरचा उपाय होता. हे एक लक्षात ठेवलं की पुढचं सगळं उलगडतं.

1963 ला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष निघाला, आपला मगो, निशाणी सिंह. समोर डॉ. जॅक द सिक्वेरांचा, गोवा वेगळा ठेवा म्हणणारा युनायटेड गोवन्स पक्ष, निशाणी हात. डिसेंबर 1963 च्या पहिल्या निवडणुकीत 30 जागा होत्या, त्यातल्या 28 गोव्यात आणि एकेक दमण आणि दीवला. मगोला 14, त्यांच्या सोबतच्या प्रजा समाजवाद्यांना 2, युनायटेड गोवन्सना 12. काँग्रेसला गोव्यात शून्य, मिळाली ती एक जागा दमणला. ज्या पक्षाच्या सरकारने सैन्य पाठवून गोवा सोडवला त्याला दोन वर्षांत गोव्याने भोपळा दिला, हे दिल्लीला चांगलंच झोंबलं असणार. भाऊसाहेब स्वतः त्या निवडणुकीला उभेच नव्हते! तरी 20 डिसेंबर 1963 ला मुख्यमंत्री तेच झाले आणि पोटनिवडणुकीतून नंतर विधानसभेत आले.

आता इथे मगोने जे केलं ते समजण्यासारखं आहे पण तिथेच गडबडीला सुरुवात झाली. त्यांनी निकालाचा अर्थ लावला, लोकांनी विलीनीकरणाला मत दिलं. 1965 मध्ये गोव्याच्या विधानसभेत विलीनीकरणाचा ठराव झाला, महाराष्ट्राच्या विधानसभेनेही तसाच ठराव केला. मुंबईला वसंतराव नाईकांचं सरकार होतं. ठराव झाला म्हणजे विषय संपला असं मगोवाल्यांना वाटत होतं. युनायटेड गोवन्सचं म्हणणं, थांबा, विधानसभेतलं साधं बहुमत घेऊन तुम्ही एक अख्खा प्रदेश पुसून टाकू शकत नाही, लोकांना थेट विचारा. दिल्लीत ही बाजू लावून धरणाऱ्यांमध्ये पुरुषोत्तम काकोडकर होते, काँग्रेसचे, गोव्याच्या लढ्यात पोर्तुगालमध्ये तुरुंगवास भोगलेले. नेहरू गेले, शास्त्री गेले, इंदिराबाई आल्या आणि शेवटी डिसेंबर 1966 मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. गंमत बघा, त्या वेळी केंद्रात गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण, नुकतेच नोव्हेंबरमध्ये त्या खात्यात आलेले. म्हणजे संयुक्त महाराष्ट्राचा मंगलकलश आणणारा माणूस दिल्लीत गृहखात्यात, आणि त्यांच्या काळात गोव्याला मोकळेपणाने नाही म्हणायची संधी मिळाली.

कौलात पर्याय दोनच. महाराष्ट्रात विलीन व्हायचं किंवा केंद्रशासित राहायचं. स्वतंत्र घटकराज्य हा पर्यायच नव्हता. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित राहायला दोन पानं. मत फक्त गोव्यात राहणाऱ्यांना. मुंबईत, कारवारला, आफ्रिकेत, आखातात गेलेल्या गोवेकरांनाही मत हवं अशी विलीनीकरण विरोधकांची मागणी होती, ती मान्य झाली नाही.

आणि एक मागणी मात्र मान्य झाली. मुख्यमंत्री खुर्चीत असताना कौल निष्पक्ष कसा होणार, सरकारी यंत्रणा त्यांच्या हातात, तेव्हा राजीनामा द्या. भाऊसाहेबांनी 3 डिसेंबर 1966 ला राजीनामा दिला, सरकार गेलं, राष्ट्रपती राजवट लागली. माझ्या मते सगळ्या प्रकरणात हा सगळ्यात कमी चर्चा झालेला आणि सगळ्यात निर्णायक निर्णय आहे. ते नकार देऊ शकत होते, घोळ घालू शकत होते, लोकांनी निवडून दिलंय मी का उतरू असं म्हणाले असते तर चुकीचंही नव्हतं. पण आपण जिंकणारच असं वाटत असलेल्या माणसाला खुर्ची सोडणं जड जात नाही. त्यांना तेव्हा कल्पना नसणार की हा राजीनामा पुढे त्यांच्या किती उपयोगी पडणार आहे. त्यावर येतोच.

प्रचाराबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं कारण इथे महाराष्ट्रातल्या वाचकाच्या डोक्यातलं चित्र सगळ्यात जास्त चुकीचं असतं. चित्र असं की एका बाजूला मराठी हिंदू आणि दुसऱ्या बाजूला कोंकणी ख्रिश्चन. आता विलीनीकरणाच्या विरोधातला सगळ्यात धारदार प्रचार कुठल्या भाषेत झाला? मराठीत. मडगावहून निघणारं 'राष्ट्रमत' हे मराठी दैनिक, संपादक चंद्रकांत केणी, त्यात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' नावाचं सदर लिहायचे आणि ते सदर विलीनीकरणवाल्यांच्या एकेका मुद्द्याची सालं काढायचं. वाचणारा कोण, तर मराठी वाचणारा हिंदू. समोर 'गोमन्तक', बा. द. सातोस्कर संपादक, विलीनीकरणाच्या बाजूने तितकंच जोरात. म्हणजे महाराष्ट्रात जायचं की नाही हे भांडण गोव्यातले हिंदू मराठी वर्तमानपत्रांतून एकमेकांशी भांडत होते. शिवाय उल्हास बुयांव गावोगाव कोंकणी गाणी म्हणत फिरत होते आणि त्या गाण्यांनी जे केलं ते शंभर भाषणांनी झालं नसतं असं त्या पिढीतले लोक सांगतात.

मुद्दे काय होते? भाषा, अस्मिता हे होतंच, पण पोटाचे मुद्दे जास्त चालले असावेत असं मला वाटतं. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा, परमिटचा कारभार. इथे माडाची सूर काढणारा रेंदेर, काजूची दारू गाळणारा, तावेर्नवाला, यांचं काय होणार? दुसरा मुद्दा, आज पणजी ही राजधानी आहे, उद्या ती रत्नागिरीसारखं जिल्ह्याचं ठिकाण होणार, सचिवालय जाणार, निर्णयाला मुंबई गाठावी लागणार. आणि तिसरा मुद्दा तर खुद्द भाऊसाहेबांच्या सरकारनेच विरोधकांच्या हातात दिला होता. मुक्तीनंतर कारभार चालवायला माणसं कमी होती म्हणून महाराष्ट्रातून अधिकारी, कर्मचारी डेप्युटेशनवर आले. गोव्यातला शिकलेला पोरगा बघतोय की वरच्या जागेवर बाहेरचा माणूस बसलाय, आणि तो अजून विलीनीकरण झालेलं नसताना. झाल्यावर काय होईल हे त्याला कोणी समजावून सांगायची गरजच उरली नाही. मगोचा प्रचार महाराष्ट्र म्हणजे आई अशा सुरात चालला होता आणि इकडे मतदार आईकडचे पाहुणे आधीच घरात येऊन बसलेले बघत होता.

16 जानेवारीला मतदान झालं. यादीवर 3,88,432 मतदार, त्यातल्या 3,17,633 जणांनी मत दिलं, म्हणजे जवळजवळ 82 टक्के. मोजणी काही दिवस चालली, पणजीत मेनेझिस ब्रागांझा संस्थेबाहेर गर्दी. सुरुवातीला फूल पुढे होतं, विलीनीकरणवाल्यांनी आनंद साजरा करायला सुरुवातही केली, मग आकडे फिरले. शेवटी दोन पानांना 1,72,191, फुलाला 1,38,170. फरक 34,021.

हे आकडे जरा हाताळून बघा. तेव्हा गोव्यात ख्रिश्चन लोकसंख्या एक तृतीयांशाहून थोडी जास्त. विरोधात पडली 54 टक्के मतं. अगदी एकूण एक ख्रिश्चन मतदाराने दोन पानांवर शिक्का मारला असं धरलं तरी 54 ला पोचायला दर चार हिंदू मतदारांमागे एकाने तरी विलीनीकरणाला नाही म्हटलेलं असणार. आणि सगळे ख्रिश्चन विरोधात गेले असं धरणंही बरोबर नाही, मग हिंदूंचा आकडा अजून वर जातो. तर हा धर्मावर पडलेला कौल होता असं म्हणणाऱ्याने आधी हा हिशोब सोडवून दाखवावा.

कौल लागला. विलीनीकरण संपलं. दिल्लीच्या लेखी विषय बंद. युनायटेड गोवन्सच्या घरी दिवाळी, आणि आता विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर. कोणीही म्हटलं असतं की आता सिक्वेरा मुख्यमंत्री. ज्या पक्षाचा जन्मच एका मागणीसाठी झाला ती मागणी लोकांनी 34 हजारांनी फेटाळली, त्या पक्षाने आता मत मागायचं कशावर?

28 मार्चचा निकाल: मगो 16, युनायटेड गोवन्स 12, अपक्ष 2. 5 एप्रिल 1967 ला भाऊसाहेब परत मुख्यमंत्री.

आता 1963 शी ताडून बघा. तेव्हा मगो आणि सोबतचे मिळून 16, आता एकटा मगो 16. तेव्हा युनायटेड गोवन्स 12, आता 12. मधे एवढा मोठा कौल होऊन गेला, घरं फुटली, भावाभावांत बोलणं बंद झालं, आणि विधानसभेचा काटा आधी होता तिथेच!

असं का झालं याची तीन कारणं मला दिसतात आणि तिन्ही सारख्या वजनाची नाहीत.

पहिलं कारण कोरडं आहे, भूगोलाचं. कौलात अख्खा गोवा एक मतदारसंघ होता, प्रत्येक मत एकाच ढिगात. विधानसभेत 28 वेगवेगळे ढीग. दक्षिणेकडच्या, ख्रिश्चनबहुल सासष्टी तालुक्यात विलीनीकरणाच्या विरोधात मतांचा नुसता डोंगर उभा राहिला, कौलात तो डोंगर अख्खा मोजला गेला, पण विधानसभेत सासष्टीची जागा दहा हजारांनी जिंकली काय आणि शंभराने जिंकली काय, जागा एकच. उलट पेडणे, सत्तरी, डिचोली, फोंडा या पट्ट्यात मगोचा जोर पसरलेला होता. त्यामुळे एकूण मतांत मागे असूनही जागांत पुढे राहणं शक्य होतं. हे कारण खरं आहे पण पुरेसं वाटत नाही.

दुसरं, युनायटेड गोवन्सकडे दुसरा अजेंडाच नव्हता. त्यांना एक गोष्ट थांबवायची होती, ती थांबली. ज्या हिंदू मतदाराने जानेवारीत दोन पानांवर शिक्का मारला तो काही सिक्वेरांचा मतदार नव्हता, तो फक्त त्या एका प्रश्नापुरता त्यांच्या बाजूला आला होता. डॉक्टर सिक्वेरा माणूस मोठा यात वाद नाही, आज 16 जानेवारीला अस्मिताय दिस (अस्मिता दिन) पाळला जातो त्यात त्यांचा वाटा सगळ्यात मोठा आहे, पण पक्षाची ओळख सासष्टी-बार्देशातल्या ख्रिश्चनांचा आणि वरच्या थरातल्या लोकांचा पक्ष अशीच राहिली. पेडण्यातल्या कुळाला ते काय देणार होते?

आणि तिसरं कारण, जे माझ्या मते मुख्य आहे. कौलाने भाऊसाहेबांच्या गळ्यातलं लोढणं काढलं. जानेवारीपर्यंत भाऊसाहेबांना मत देणं म्हणजे विलीनीकरणाला मत देणं होतं. ज्याला कूळ कायदा हवा, शाळा हवी, पण पणजी जिल्ह्याचं गाव व्हायला नको, त्याची पंचाईत होती. जानेवारीनंतर ती पंचाईत संपली. आता मगोला मत दिलं तरी गोवा कुठे जात नव्हता. केंद्रशासित गोवा आणि त्याचा मुख्यमंत्री भाऊसाहेब, हे दोन्ही एकदम मिळत होतं, आणि बहुतेक लोकांना आधीपासून हेच हवं असणार, फक्त 1963 च्या मतपत्रिकेवर तशी सोयच नव्हती.

मगोच्या लोकांनी 1963 च्या निकालाचा अर्थ लावताना इथेच गल्लत केली होती. मतदाराने माणूस आणि समाज बघून मत दिलं, पक्षाने ते जाहीरनाम्याच्या पहिल्या ओळीला मिळालं असं धरलं. आणि 1967 मध्ये युनायटेड गोवन्सने बरोबर उलटी तीच गल्लत केली, जाहीरनाम्याच्या एका ओळीला मिळालेलं मत पक्षाला मिळालं असं धरून चालले.

शिवाय तो राजीनामा. समजा भाऊसाहेब खुर्चीत राहून कौल हरले असते, तर दुसऱ्या दिवशी राजीनामा द्या म्हणून मोर्चे निघाले असते, पक्षात कोणाचं चुकलं याची धुणी निघाली असती, आणि ते हरलेला मुख्यमंत्री म्हणून निवडणुकीला सामोरे गेले असते. पण राजीनामा तर डिसेंबरातच देऊन झाला होता. सोडायला खुर्चीच नव्हती. सरकार राष्ट्रपतींचं, निवडणूक समोर, आणि भाऊसाहेब मोकळे, गावोगाव फिरायला. विरोधकांनी हट्टाने मागून घेतलेल्या राजीनाम्याने त्यांचीच शिकार निसटली.

बरं, नुसती माणसाची पुण्याईही नव्हती. पहिल्या तीन वर्षांत काम दिसलं होतं. 1964 चा कूळ कायदा आला, कुळाला मनाला येईल तेव्हा हुसकावणं अवघड झालं, खंडाला मर्यादा आली. गावागावात प्राथमिक शाळा निघाल्या, मराठीतून, आणि ज्यांच्या घरात आजवर कोणी पाटी धरली नव्हती अशी पोरं शाळेत बसायला लागली. पोर्तुगीज काळात ज्याला शिकायचं त्याने एकतर पोर्तुगीज शिकावं नाहीतर मुंबई गाठावी अशी तऱ्हा, तिथे हे फार मोठं होतं. आता याच शाळांनी मराठीचं बस्तान बसवलं आणि कोंकणीला मागे ठेवलं अशी टीका कोंकणीवाले करतात आणि ती अगदी बिनबुडाची नाही, पण तो वेगळा लेख आहे.

भाऊसाहेबांच्या कारभारावर टीका करायला जागा भरपूर आहे. पक्ष म्हणजे एक माणूस असा कारभार, दुसरी फळी तयार होऊ दिली नाही, 1970 च्या सुमाराला पक्षातलेच आमदार उलटले त्यामागे हेच होतं. विलीनीकरण संपल्यावर पक्षाला नवीन विचार द्यायला हवा होता, तो दिला नाही. नावात महाराष्ट्रवादी तसंच राहिलं, आजही आहे, आणि आज मगोचा कार्यकर्ता गोव्याच्या वेगळेपणाबद्दल तावातावाने बोलतो तेव्हा बाहेरच्याला गंमत वाटते.

पण मतदाराला त्याचं काही पडलेलं नव्हतं. 1972 ला मगोच्या जागा वाढून 18 झाल्या, युनायटेड गोवन्स 10 वर आले. 12 ऑगस्ट 1973 ला भाऊसाहेब मुख्यमंत्रिपदावर असतानाच गेले, वय 62. मिरामारला समाधी आहे. त्यांच्यामागे मुलगी शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या आणि कसेल त्याला जमीन देणारी कूळ कायद्याची दुरुस्ती, मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा, ही कामं त्यांच्या काळात झाली. म्हणजे ज्या गोष्टींसाठी पेडणे-सत्तरीच्या माणसाला 1963 मध्ये महाराष्ट्र हवा होता, त्यातल्या बऱ्याचशा त्याला पणजीतूनच मिळाल्या. डॉ. सिक्वेरा मात्र गोवा वाचवूनही कधी मुख्यमंत्री झाले नाहीत, आणि घटकराज्य मिळालं ते थेट 30 मे 1987 ला, तेव्हा सरकार होतं काँग्रेसचं, ज्या काँग्रेसला 1963 मध्ये गोव्यात एक जागा मिळाली नव्हती.